काम नसताना

रविवार म्हणजे काय हे मला कॉलेजात आल्यावर कळले, असे म्हटले तर आमच्या मराठीच्या सरांना ती अतिशयोक्ती वाटेल. शाळेला रविवारी सुट्टी असे, घराला नसे. माण तालुक्यातल्या आमच्या गावचा बाजार सोमवारी. आठवड्याची मजुरी त्या दिवशी हातात पडायची, म्हणून मजुरांची सुट्टीही सोमवारीच. रविवारी आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि शाळा नाही म्हणून मलाही बरोबर न्यायची. त्यामुळे रविवार हा सर्वांत जास्त कामाचा वार, अशीच माझी समजूत होती.

घरातले कुणी गावाबाहेर जात नसत असे नाही. लग्न, मयत, दवाखाना, कोर्टाची तारीख आणि चैत्रातली शिखर शिंगणापूरची यात्रा एवढ्या कारणांसाठी एस.टी.त बसत. पण नुसतेच जाऊन यायचे, ही कल्पना आमच्या घराण्यात नव्हती.

ती मला साताऱ्याच्या वसतिगृहात भेटली. वाचकहो, तिच्या मुळाशी निसर्गप्रेम नव्हते, मेस होती! रविवारी दुपारी गोडाचे जेवण आणि रात्री चूल बंद. खोलीत बसले की भूक जास्त लागते, हा अनुभव. म्हणून बाहेर पडायचे.

पहिली मोहीम कासची. पश्चिम घाटातले हे फुलांचे पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साताऱ्यापासून अंतर सुमारे २५ किलोमीटर. आम्ही चौघे, उसन्या सायकली दोन. यवतेश्वरचा घाट सायकली हातात धरून चढलो. वर तेरडा आणि सोनकी पाहून श्रमाचे सार्थक झाले. परतताना मात्र पावसाने गाठले. ब्रेकचे रबर भिजले आणि घाटाच्या तोंडाशी सायकली ऐकेनाशा झाल्या. मग उतरतानाही त्या हातातच. "सायकलींना कास दाखवून आणले," असे खोलीतले मित्र अजून म्हणतात.

दुसरी फजिती सज्जनगडची. समर्थांच्या समाधीचे दर्शन घेतले, दुपारचा प्रसाद पोटभर झाला, तटावरून उरमोडी धरणाचे पाणी पाहिले. खाली उतरतो तो शेवटची गाडी गेलेली. अंधारात चालत सुटलो. एकाच्या चपलेचा अंगठा तुटला, तो त्याने सुतळीने बांधला. शेवटी भाजीच्या एका टेम्पोवाल्याला दया आली आणि मेथीच्या जुड्यांवर बसून आम्ही साताऱ्यात प्रवेश केला. उतरताना त्याने विचारले, "कुठल्या कामावर होता रं पोरांनो?"

"कामावर नाही मामा. फिरायला गेलो होतो."

तो हसला. पैसे घेतले नाहीत. पण त्याचा प्रश्न माझ्याबरोबर खोलीवर आला. कारण तो नवा नव्हता. "बी.ए. करून काय काम मिळणार?" हे गावात मला दर सुट्टीत विचारतात. कविता कशाला वाचायची आणि गडावर कशाला जायचे, हे दोन्ही प्रश्न एकाच घरचे आहेत.

पुढे ग्रंथालयात नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी वाचले. महात्मा फुल्यांचे हे सहकारी. मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना त्यांनी १८८४ मध्ये उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीसाठी झगडले. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. तो खंडोबाचाही वार. म्हणजे मी ज्या रविवारी हिंडतो तो कुणीतरी भांडून मिळवलेला आहे! मनात आले, इतकी वर्षे झाली, पण हा रविवार आमच्या आईपर्यंत अजून पोहोचलेला नाही.

दिवाळीआधी ती डोळे तपासायला साताऱ्यात आली, एका नातेवाइकाकडे उतरली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी म्हणालो, "चल, अजिंक्यताऱ्यावर जाऊ."

"वर कोन ऱ्हातंय आपलं?"

"कुणी नाही. सहज."

"सहज म्हंजी?"

याचे उत्तर मला देता आले नाही. वर मंगळाईचे देऊळ आहे म्हटल्यावर ती निघाली. वाटेत वाळक्या काटक्या दिसल्या की वाकायची. वर पोचेपर्यंत चांगली मोळी झाली. देवीपुढे हात जोडून झाले आणि ती लगेच परत फिरली. काम झाले होते ना! मी तिला तटाजवळ बसवले. खाली सगळे सातारा पसरले होते. कॉलेज कुठले, वसतिगृह कुठले, ते दाखवले. तिने ते नीट पाहून घेतले. मग ती बोलायची थांबली. मोळी बाजूला ठेवून, हात मांडीवर टाकून, आई नुसती बसली. असे तिला बसलेले मी एकोणीस वर्षांत पाहिले नव्हते.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "बरं वाटतंय. पन घरी सांगू नगंस, काय काम नसताना आलतो म्हनून."

घरी मी सांगितलेले नाही. म्हणून इथे लिहिले आहे.