पोट सुटलेलं शीड

माणसाचं पोट सुटलं की तो पँट ढिली करून घेतो. शिडाचं पोट सुटलं तर काय करायचं? हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांना पडत असेल. पण निवृत्त झाल्यावर इथे अमेरिकेत, अ‍ॅनापोलिसला, मी एक जुनी ३४ फुटी शिडाची बोट घेऊन बसलो आणि असले नसते प्रश्न माझ्या मागे लागले.

आमच्या बोटीचं मोठं शीड पोकळ डोलकाठीच्या आत गुंडाळलं जातं. आत एक फिरता दांडा असतो. दोरी ओढली की शीड चटईसारखं त्याच्याभोवती गुंडाळत फटीतून आत शिरतं. सुकाणूपाशी बसल्या जागी काम व्हावं, ही त्यातली सोय. पण वर्षानुवर्षं वारा खाऊन कापड सैलावलं, की मध्ये पोट सुटतं, गुंडाळताना चुण्या पडतात, वळकटी जाड होते आणि फटीत अडकते. गेल्या ऑगस्टात चेसापीकच्या उपसागरात दुपारचं वादळ आलं आणि आमचं शीड अर्धं आत, अर्धं बाहेर! मी डोलकाठीला मिठी मारून चुण्या उपसतोय आणि सुकाणूवरून ही ओरडतेय, "अहो, मरू दे ते शीड! आधी इकडे या!"

धक्क्याला लागल्यावर ती एवढंच म्हणाली, "विकून टाका ही बोट."

महिनाभराच्या वाटाघाटींनंतर 'आधी शीड तर बघू' यावर तह झाला. शीडवाल्याने तीन स्थळं दाखवली. पहिलं साधं डॅक्रॉनचं, म्हणजे आपल्या टेरिलीनची सख्खी बहीण. त्यात पट्ट्या नाहीत, मागची कड आत कोरलेली. त्यामुळे कापड कमी, वेगही थोडा कमी. दुसऱ्यात उभ्या पट्ट्या. त्यांच्या आधाराने कड बाहेर येते, वेग वाढतो. पण पट्टी वाकडी गेली तर तीच अडकायची. तिसरं थर चिकटवून केलेलं लॅमिनेट. हलकं, आकार न सोडणारं, पण महाग आणि अल्पायुषी.

माझा जीव दुसऱ्यावर जडला. शेजारच्या बोटवाल्याला एकदा तरी मागे टाकायचं होतं. हिने मात्र दादरच्या दुकानात साडीचा पोत बघावा तसं पहिलं कापड चिमटीत धरलं. "आपल्याला पळायचंय कुठे? मुकाट्याने आत गेलं म्हणजे झालं. आणि तुम्ही पुन्हा त्या काठीपाशी जायचं नाही."

मापात थोडी माया ठेवायचं मी सुचवून पाहिलं. पण गुंडाळायच्या शिडाला माया चालत नाही म्हणे. जेवढं सपाट शिवावं तेवढं ते सुरळीत गुंडाळतं.

"नीट वापरलंत तर दहा वर्षं जाईल," शीडवाला म्हणाला.

मी ६८ वर्षांचा. मनातल्या मनात बेरीज केली. हिनेही केली असावी, कारण दोघंही गप्प झालो.

मग डोलकाठीबाहेर राहणाऱ्या कोपऱ्याला ऊन लागू नये म्हणून जी पट्टी शिवतात, तिचा रंग त्याने विचारला. मी म्हटलं, "कुठलाही चालेल."

"कुठलाही कसा?" ही म्हणाली. "निळा सांगा. दहा वर्षं बघायचाय मला तो."