कैद्याचं बिल कुणाच्या नावावर?

सेंट लुईसमध्ये काम करणाऱ्याच्या पगारातून शहर एक टक्का कापून घेतं. देशाचा कर वेगळा, मिसुरी राज्याचा वेगळा, आणि वर हा. शहरात राहत नसाल, नुसते नोकरीपुरते येत असाल, तरी सुटका नाही. आमचा एक मित्र याला ‘माणसांवरची जकात’ म्हणतो, आणि सोलापूरच्या जकात नाक्यांवर ट्रकांच्या रांगा पाहत वाढल्यामुळे मला ते चटकन पटलं.

या टक्क्यातून पोलीस, अग्निशमन असा बराच खर्च भागतो, त्यात तुरुंगही आला. टकर बुलेव्हार्डवरचं ‘सिटी जस्टिस सेंटर’ म्हणजे शहराचा स्वतःचा तुरुंग. चार-चार दिवसांआड पाणी सोडणाऱ्या आपल्या महापालिकेला उद्या तुरुंगही चालवायला दिला तर काय होईल, याची कल्पना सोलापूरकरांनीच करावी. इथे मात्र ही रीत जुनीच. खालच्या पातळीवरचे तुरुंग काउंटीचे, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याचे. आणि सेंट लुईस 1876 मध्ये आपल्या काउंटीपासून वेगळं झालं, त्यामुळे काउंटीची कामंही शहराच्याच गळ्यात पडली.

मिसुरीत अशा 114 काउंट्या आणि वर हे शहर. गुन्हा राज्याच्या कायद्याखालचा, पण खटला संपेपर्यंत आरोपीला सांभाळायचं काउंटीने. शिक्षा होऊन तो राज्याच्या तुरुंगात गेला, की आधीच्या दिवसांचं बिल काउंटी राज्याकडे पाठवते. 2019 च्या सुमारास राज्य माणशी दिवसाला 22 डॉलर 58 सेंट देत होतं. कायद्यात मर्यादा साडेसदतीस डॉलरची, प्रत्यक्ष खर्च बऱ्याच ठिकाणी त्याहूनही जास्त, आणि हे बावीस डॉलरसुद्धा वेळेवर मिळेनात. राज्याकडची थकबाकी तीन कोटी डॉलरच्या वर गेली होती.

खरी मेख पुढेच आहे. राज्य पैसे देतं ते साधारणपणे आरोपी राज्याच्या तुरुंगात गेला तरच. न्यायाधीशाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर आधीच्या दिवसांचा खर्च काउंटीच्या बोकांडी. न्यायाधीश हा हिशेब मनात धरून निकाल देतात असं मी म्हणत नाही. पण माणूस घरी गेला तर काउंटीला तोटा आणि तुरुंगात गेला तर भरपाई, असा कायदा कुणा शहाण्याने केला असेल?

वरून पैसे नीट येत नसताना खेड्यापाड्यातल्या काउंट्या खालीही हात घालत होत्या. तुरुंगात राहिल्याचं बिल थेट कैद्यालाच! आपल्याकडे निदान चेष्टेत तरी ती बिनभाड्याची खोली आहे. सेंट क्लेअर काउंटीत एकाला 90 दिवसांचे 3,150 डॉलर लावले. तो गरीब, भरणार कुठून? पैसे थकले म्हणून पुन्हा 65 दिवस आत, आणि त्या 65 दिवसांचं आणखी 2,275 डॉलरचं बिल. ‘पोस्ट-डिस्पॅच’ या इथल्या दैनिकाचे स्तंभलेखक टोनी मेसेंजर यांनी अशी प्रकरणं एकामागून एक बाहेर काढली. त्या लेखांना 2019 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की असं बिल थकलं म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येणार नाही.

हे वाचताना मला माझे एक काका आठवत होते. ते एका तहसील कचेरीत कारकून होते. आपल्याकडे राज्यघटनेनेच तुरुंग राज्याकडे दिला आहे, त्यामुळे जिल्हा परिषद आणि महापालिका यांचा त्याच्याशी संबंध नाही. पण तालुक्याचं सबजेल तहसीलदाराच्या अखत्यारीत, पहारा पोलिसांचा आणि जेवण ठेकेदाराचं. सकाळी कैदी किती, संध्याकाळी किती, हे वहीत मांडायचं आणि महिनाअखेर ठेकेदाराचं बिल करायचं, हे काकांचं काम. ठेकेदार टेबलापाशी उभा राहून विचारायचा, “अण्णा, आमचं काय झालं?” आणि काका म्हणायचे, “ग्रँट आली नाही अजून.” मिसुरीतल्या काउंटीलाही राज्याकडून याहून वेगळं उत्तर मिळत नव्हतं. फरक एवढाच, की काउंट्यांचे शेरीफ, म्हणजे साधारण तिथले पोलीसप्रमुख, निवडून येतात, विधिमंडळात जाऊन बोंब मारू शकतात. ठेकेदार तेवढा दुसऱ्या तालुक्याचं टेंडर भरायचा.

आपल्याकडच्या कच्च्या, म्हणजे खटला अजून न संपलेल्या, कैद्याला मात्र टेंडर भरायचीही सोय नाही. त्याचा दिवस कुणाच्याच खात्यावर नीट पडत नाही. तुरुंग खातं त्याला सांभाळणार, कोर्टात न्यायला गार्ड पोलीस मुख्यालय देणार. बंदोबस्त कुठे तरी लागला, गार्ड मिळाला नाही, तारीख पुढे. दोन्ही खाती गृह विभागाचीच, पैसा एकाच तिजोरीतला, त्यामुळे वाढलेल्या महिन्याचं बिल कुणीच कुणाला पाठवत नाही. (इथेही फार शहाणपण आहे असं नाही. 2025 मध्ये कैद्यांना दवाखान्यात न्यायचं कुणी, यावरून सेंट लुईसचे शेरीफ आणि तुरुंगवाले यांची चांगलीच जुंपली होती.) 2022 च्या सरकारी आकडेवारीत भारतातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती, त्यांतली 4,34,302 कच्ची. चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही.

मिसुरीची पद्धत आपल्याकडे आणा, असं मी मुळीच म्हणणार नाही. कैद्याच्या डोक्यावर दिवसाचा दर चिकटवला की शेवटी तो त्याच्याच खिशातून वसूल करायची बुद्धी होते. पण दर छापलेला असल्यामुळे भांडायला धरून ठेवावं असं काही तरी हातात राहतं. आपल्याकडे भांडण लावायलाच कागद सापडत नाही.

एक कागद मात्र आहे. जामीन मंजूर होऊनही हमीचे पैसे नाहीत म्हणून आत बसलेल्यांसाठी केंद्राने 2023 मध्ये योजना आणली. तेव्हा कच्च्या कैद्याला 40,000 रुपयांपर्यंत, दंड न भरता आल्याने अडकलेल्याला 25,000 रुपयांपर्यंत मदत ठरली होती. ठरवायला प्रत्येक जिल्ह्यात समिती, तिच्यात जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि तुरुंग अधीक्षक एकाच टेबलाभोवती. तेव्हा सोलापुरातल्या वकील मित्रांना आणि वाचकांना एवढीच विनंती, की माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका: ही समिती आजवर किती वेळा बसली, तिच्यामुळे सोलापूरच्या तुरुंगातून किती जण घरी गेले, आणि गार्ड नाही म्हणून गेल्या वर्षी किती तारखा चुकल्या. अर्जाला दहा रुपये लागतात.