अडलेला प्रवास

प्रवास अडणे ही गोष्ट नवी नाही. पूर्वी नदीस पूर आला म्हणजे वाटसरू पाणी ओसरेपर्यंत काठच्या गावी मुक्काम करीत. आता नद्यांवर पूल झाले, आकाशातूनही वाट निघाली. तरी अडण्याचा प्रसंग टळलेला नाही. २०२० च्या चैत्रात तो साऱ्या देशावरच आला आणि आम्ही उभयतांनी तो जालन्यात अनुभवला.

गुढीपाडवा भाचीच्या घरी करावा आणि दुसरे दिवशी चिकलठाण्याच्या विमानतळावरून दिल्लीस मुलाकडे परतावे, असा आमचा बेत होता. परंतु साथीमुळे प्रवासी आगगाड्या आधीच थांबल्या होत्या आणि नेमक्या पाडव्यापासून, म्हणजे २५ मार्चपासून, देशांतर्गत विमानेही बंद झाली. ती पुन्हा सुरू झाली २५ मे रोजी. भाचीचे सासरे म्हणाले, "मास्तर, तिकिटाची चिंता सोडा. पाने मांडली आहेत, हातपाय धुऊन या." अशा रीतीने चार दिवसांचे पाहुणे दोन महिने राहिले.

समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब याच जिल्ह्यात असूनही रामनवमीस तेथे जाणे घडले नाही. घरीच पाळणा म्हटला. दुपारी मुलांना जिल्ह्याचा इतिहास सांगत असे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांवरील दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखांत या नगराच्या दात्यांचा उल्लेख आहे. ही दोन्ही स्थळे आज मध्य प्रदेशात आहेत. इतक्या दूरवर येथील माणसांचे दान पोहोचत असे, त्याअर्थी वाटेवर विसाव्याची काही सोय असलीच पाहिजे, असे मी मुलांस सांगे.

त्याच मध्य प्रदेशातील उमरिया व शहडोल जिल्ह्यांचे मजूर जालन्याच्या पोलादी कारखान्यात पोटासाठी आले होते. आपल्या घरांच्या स्लॅबमध्ये ज्या सळया असतात, त्या घडविणारे हे शहर. काम बंद पडले, मिळकत खुंटली. ७ मे रोजी संध्याकाळी वीस जण पायीच निघाले. भुसावळास आगगाडी मिळेल, ही त्यांची आशा. बदनापूरपर्यंत सडकेने व पुढे रुळांवरून ते चालले. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने, थकून, रुळांवरच निजले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडी आली. चालकाने भोंगा वाजविला, गाडी रोखण्याचा यत्न केला. तरी सोळा जण प्राणास मुकले. रुळांवर त्यांच्या शिदोरीच्या रोट्या विखुरल्या होत्या.

ही वार्ता कळली त्या दिवशी आमच्या घरी कोणास जेवण गेले नाही. एकाच गावात, एकाच बंदीने आम्ही व ते अडलो होतो. आमच्यासाठी पान मांडलेले होते. त्यांची शिदोरी रुळांवर सांडली.

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी व्युत्पत्ती आम्ही वर्गात सांगत असू. ज्याची परतण्याची तिथी नाहीशी झाली, तोही अतिथीच नव्हे काय? नातलगांस आपण आग्रहाने ठेवून घेतो, हे योग्यच आहे. पण आपल्या गावी राबावयास आलेल्या परप्रांतीयाची वाट जेव्हा बंद होईल, तेव्हा त्याच्या खोलीच्या दाराशी जाऊन, "बाबा रे, आज चूल पेटली का?" एवढे विचारणे हेही गृहस्थधर्मातच येते.