चोपडीचे नवे पान

पुण्याच्या नाना पेठेत वाहनांच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. तेथील एका लहान दुकानात वर्षअखेरीची मालमोजणी चालू असताना मुलाने वडिलांपुढे एक वेगळी यादी ठेवली. विजेवर चालणाऱ्या स्कूटरला ज्याची गरजच पडत नाही, असा माल त्याने तीत उतरवला होता: क्लच प्लेट, प्लग, पिस्टन रिंग, कार्ब्युरेटर, इंजिन ऑइल. ब्रेक, टायर, बेअरिंग, दिवे आणि आरसे तेवढे यादीबाहेर राहिले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. दुकानाचे निम्म्याहून अधिक भांडवल त्या यादीत अडकलेले होते.

या दुकानाचा पाया जुन्या चेतकने घातला होता. १९७२ मध्ये आलेल्या त्या स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. तिच्या दुरुस्तीवर किती तरी मेकॅनिकांचे आणि दुकानदारांचे संसार चालले. त्याच नावाची विजेवरची स्कूटर २०२० पासून विकली जाऊ लागली आणि ती बनते पुण्याजवळच, आकुर्डीत. मुलाला यात राज्याची भरभराट दिसत होती. वडिलांनी मात्र व्यापाऱ्याच्या सवयीने विचारले, “राज्याच्या चोपडीत जमेला काय पडते, ते सांग.”

दोघे हिशेबाला बसले. आधी नावेची बाजू निघाली. विद्युत वाहनांवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. शिवाय हा कर माल जेथे खपतो त्या राज्याचा. आकुर्डीची स्कूटर चेन्नईत विकली गेली, तर राज्याच्या वाट्याचा कर तामिळनाडूला मिळतो. महाराष्ट्राने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये विद्युत वाहन धोरण आणले. दुसऱ्या धोरणासाठी १,९९३ कोटी रुपयांची तरतूद आहे. वाहन करात माफी आहे. समृद्धी महामार्ग, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना टोलमाफी आहे. पेट्रोलचा खप घटला, की त्यावरील व्हॅटही घटणार.

मग जमेची बाजू. चाकणला महिंद्राच्या विजेच्या मोटारी बनतात. एथर कंपनीने २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळील बिडकीन येथे कारखाना उभारण्याचे जाहीर केले. अशा कारखान्याभोवती वायरिंग, ढलाई, प्लॅस्टिकचे भाग, कंट्रोलर बनवणारे लघुउद्योग उभे राहतात. पगार, भाडे आणि वाहतुकीचा पैसा राज्यातच फिरतो. ग्राहकाचा पेट्रोलवर वाचलेला पैसा किराणा आणि कापडाच्या दुकानात येतो. पण बॅटरी हा वाहनाचा सर्वांत महाग भाग, आणि तिच्यातील सेल मुख्यतः आयात होतात, त्यातही चीनमधून अधिक. सेल बाहेरचेच राहिले, तर राज्याच्या वाट्याला जोडणीची मजुरी तेवढी येईल. म्हणजे सवलतीचा रुपया वसूल होणे न होणे, भाग कोठे बनतात यावर ठरते.

इतक्यात तीस वर्षे या दुकानातून माल नेणारा मेकॅनिक आला. इंजिनाच्या आवाजावरून दोष सांगणारा म्हणून त्याची ख्याती. चर्चा ऐकून तो म्हणाला, “शेठ, या गाडीत ऐकायचं काय? आवाजच नाही.” सगळे हसले, तो मात्र हसला नाही. राज्याच्या हिशेबात न धरलेली रक्कम समोरच उभी होती. कारखान्याला सवलत मिळते. या माणसाला नवे काम शिकवण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा?

“पप्पा, दुकान तारण ठेवून कर्ज काढू. कंट्रोलर आणि चार्जरच्या दुरुस्तीचं काम सुरू करू,” मुलगा म्हणाला.

“दुकान तारण ठेवून शिकायचं नसतं. आधी शिका, मग कर्ज.” वडिलांनी मेकॅनिककडे पाहिले. “दोघंही शिका. फी दुकान भरेल.”

त्या संध्याकाळी कार्ब्युरेटरची एक फळी रिकामी झाली. तो माल सवलतीत निघाला, थोडे नुकसान सोसून. वडिलांनी ते नुकसान चोपडीत लिहिले आणि खालच्या ओळीत, आपल्या हाताने, नवे खाते उघडले: शिक्षण.