अठराव्या महिन्यानंतर

दक्षिण महाराष्ट्रातील ज्या भागात मी गेली सव्वीस वर्षे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करीत आहे, तेथे बाळंतिणीच्या खोलीत सहाण नाही असे घर विरळा. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, बाळहिरडा असा एकेक जिन्नस आईच्या दुधात उगाळून, कशाचे किती वेढे द्यायचे याचा हिशेब बोटांवर ठेवीत आजी जेव्हा घुटीचे बोट बाळाच्या जिभेला लावते, तेव्हा त्या कृतीत तिची सारी माया एकवटलेली असते, हे मी जाणतो. आणि तरीही जिची सून एचआयव्हीबाधित आहे अशा आजीला ती सहाण सहा महिने फळीवर ठेवून द्यावयास सांगणे हे माझे कर्तव्य असते. अडचण अशी की, पुष्कळ घरांत सुनेचा आजार सासूला ठाऊकच नसतो. "आजी, सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काही नको, पाण्याचा थेंबसुद्धा नको," असे मी म्हणतो. आजी सुनेकडे पाहते, सून खाली मान घालते. "आणि पोटात कळ आली म्हंजे हो, डॉक्टर?" खरे कारण मला सांगता येत नाही, पण खोटेही सांगावे लागत नाही, कारण हा नियम प्रत्येक तान्ह्या मुलाला लागू आहे.

बाधित आईच्या बाळाच्या बाबतीत मात्र तो मोडल्याची किंमत फार मोठी. तान्ह्या बाळाच्या आतड्याचे अस्तर कोवळे असते. वरचे दूध, मध, घुटी यांनी त्याला बारीक इजा झाली, की आईच्या दुधातून येणाऱ्या विषाणूला आत शिरावयास वाट मिळते, असा तर्क आहे. केवळ अंगावर पाजलेल्या मुलांपेक्षा अंगावरचे आणि वरचे असे दोन्ही पाजलेल्या मुलांत संसर्ग अधिक होतो, हे दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथील संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिले. मग अंगावरचे दूध सर्वस्वी तोडावे काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला, आणि त्याचे उत्तर २००६ च्या आरंभी बोट्स्वानात अतिवृष्टीनंतर उद्भवलेल्या अतिसाराच्या साथीने दिले. तेथे दगावलेली मुले बहुतांशी डब्याच्या दुधावर वाढणारी होती. आज आई औषधे नियमाने घेत असेल, तर दुधावाटे संसर्ग होण्याचा धोका अत्यल्प उरतो, आणि म्हणून तिने निःशंकपणे बाळाला अंगावर पाजावे.

एचआयव्हीचे नाव निघाले की लोकांच्या डोळ्यांपुढे रक्त येते. परंतु शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींचा सर्वांत मोठा साठा आतड्याच्या भिंतीत असतो, आणि संसर्ग झाल्यावर अवघ्या काही आठवड्यांत, रक्ताचा अहवाल अद्याप बरा दिसत असतानाच, तेथील सीडी-४ पेशींचा मोठ्या प्रमाणावर संहार होतो. पहारा उठलेल्या या तटबंदीतून आतड्यातील जंतूंचे अंश रक्तात झिरपू लागतात, आणि त्यांच्याविरुद्ध शरीर अहोरात्र धुमसत राहते. हा दाह भूक मारतो, पोटात गेलेले अन्न अंगी लागू देत नाही, हाडांची वाढ खुंटवितो.

आणि हे नेमके कोणत्या काळात घडते? जन्मतः सुमारे ३५० ग्रॅम असणारा मेंदू दोन वर्षांत प्रौढ मेंदूच्या आकाराच्या सुमारे चार-पंचमांशापर्यंत वाढतो. विसाव्यात असलेल्या बाळाच्या शरीरात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा निम्म्याहून अधिक हिस्सा एकटा मेंदू घेतो. त्याच काळात विषाणूही मेंदूत शिरलेला असेल, तर दुहेरी मार बसतो. सरकारने बालकांसाठी औषधयोजना २००६ च्या नोव्हेंबरात सुरू केली, त्याच्या आदल्या वर्षीची एक मुलगी मला विसरता येत नाही. आधाराशिवाय बसू लागलेली ती मुलगी अकराव्या महिन्यात बसेनाशी झाली. तिच्या डोक्याभोवती मी दर महिन्याला पट्टी गुंडाळीत असे, आणि तक्त्यावरची रेघ आडवी होत गेलेली तिच्या आईला बोटाने दाखवीत असे. चौथ्या खेपेस आईच म्हणाली, "ह्या महिन्यात नका मोजू." उपचारावाचून अशी निम्मी मुले दोन वर्षांच्या आत दगावत. सहा ते बारा आठवड्यांच्या वयातच औषध सुरू केल्यास मृत्यूंचे प्रमाण ७६ टक्क्यांनी घटते, हे दक्षिण आफ्रिकेतील एका चाचणीने २००८ साली सिद्ध केले. पुढे त्याच चाचणीतील मुलांची बौद्धिक वाढही उशिरा औषध मिळालेल्यांपेक्षा सरस आढळली.

परंतु औषध पोट भरीत नाही. बाधित मुलाला लक्षणे नसतानाही दहा टक्के, आणि वजन उतरू लागले की पन्नास ते शंभर टक्के अधिक ऊर्जा लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे सहाव्या महिन्यानंतर वरणाचे पाणी आणि भाताची पेज देण्याचा शिरस्ता आहे. त्याने पोट फुगते, पोषण होत नाही. चमचा आडवा केला तरी पडणार नाही इतके घट्ट अन्न हवे, असे मी आयांना सांगतो: नाचणीचे सत्त्व, मऊ खिचडी आणि तीवर चमचाभर तेल किंवा तूप, बारीक वाटलेला शेंगदाण्याचा कूट, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे.

आता ज्याकरिता हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्याकडे येतो. औषधांच्या कृपेने बाधित मातांची बहुसंख्य मुले आज संसर्गमुक्त राहतात. आईकडून आलेली प्रतिपिंडे मुलाच्या रक्तात दीर्घकाळ टिकत असल्यामुळे अंतिम तपासणी अठराव्या महिन्यात होते, तिचा निष्कर्ष नकारात्मक आला की "संसर्ग नाही" असा शेरा पडतो, आणि त्या मुलाचे दप्तर बंद होते. ही मुक्तता अपुरी आहे. संसर्ग नसूनही ही मुले इतरांहून अधिक खुरटतात आणि काही अंशी बोलण्या-शिकण्यातही मागे पडतात. झिंबाब्वेच्या दोन ग्रामीण जिल्ह्यांतील एका मोठ्या चाचणीत बाधित मातांची निम्मी मुले दीड वर्षाची होईतो खुरटलेली होती; ज्या घरी आहाराचे मार्गदर्शन आणि सहाव्या महिन्यापासून रोज २० ग्रॅम पौष्टिक लगदा पोहोचला, तेथे हे प्रमाण ४० टक्क्यांवर आले. केवळ शौचालये आणि हात धुण्याच्या सोयींनी उंचीत फरक पडला नाही. पण आहार आणि स्वच्छता दोन्ही मिळालेल्या घरांतील मुले दोन वर्षांच्या वयात हालचाल आणि भाषा यांत सरस ठरली. माझ्या मते इतका पुरावा आपला शिरस्ता बदलण्यास पुरेसा आहे.

म्हणून माझी परिचारिकांना, अंगणवाडीसेविकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की, अठराव्या महिन्याच्या त्या शेऱ्यानंतरही या मुलांचे वजन, उंची, डोक्याचा घेर आणि बोलणे-चालणे यांची नोंद ते शाळेत जाईपर्यंत दर तीन महिन्यांनी ठेवावी. यासाठी आईचे गुपित उघड करण्याची गरज नाही. अंगणवाडीत सर्वच मुलांचे वजन होते, आणि तेथे कोणत्याही सासूला कारण सांगावे लागत नाही.