थरथरत्या हातांची सुबक अक्षरं

लाकडावर कोरलेल्या अक्षरांत रंग भरायचा, तर हात अगदी स्थिर हवा, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या बाबांनाही तसंच वाटायचं. म्हणूनच आमच्या दारावरची पाटी दोन दिवाळ्या तशीच फिकट राहिली.

आम्ही वडोदऱ्याचे मराठी. सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीसाठी पणजोबा इथे आले आणि घर इथलंच झालं. पाटी मात्र आजोबांनी हौसेनं मराठीत करून घेतली. सागवानी फळी आणि त्यावर खोल कोरलेली देवनागरी अक्षरं. गुजराती लिपीत अक्षरांवर शिरोरेषा नसते, त्यामुळे गल्लीतल्या पाट्यांमध्ये आमची पाटी त्या एका आडव्या रेघेमुळे लांबूनही ओळखू येते.

दर तीन-चार वर्षांनी बाबा ती रंगवायचे. आमच्या घरात सगळ्यात सुंदर अक्षर त्यांचंच. नात्यातल्या कितीतरी लग्नपत्रिकांवर पाहुण्यांची नावं त्यांनी लिहिली आहेत. मग त्यांचा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण काही करायला गेलं की थरथर वाढणार. एक दिवस सही जुळत नाही म्हणून बँकेतून चेक परत आला. त्या दिवसापासून बाबांनी पेन हातात घेणंच सोडलं. दुधाचा हिशेबही आईला सांगायला लागले, “तूच लिही.”

“बाबा, पाटी मी रंगवू का?” असं मी एकदा विचारलं. ते “बघू” म्हणाले आणि खोलीत निघून गेले. मी कंटेंट रायटर आहे, दिवसभर अक्षरांवरच पोट भरते. पण ती सगळी कीबोर्डवरची अक्षरं. पाटीचं काम त्यांच्याकडून काढून घेणं म्हणजे काय, ते मला त्या “बघू”मधून समजलं. मी पुन्हा विषय काढला नाही.

मार्ग दाखवला तो खिडकी दुरुस्त करायला आलेल्या सुतारकाकांनी. पाटीवरून बोट फिरवत ते म्हणाले, “साहेब, कोरीव कामात सफाई ब्रशनं येत नाही. ती आधीच्या पॉलिशनं येते आणि नंतरच्या पॉलिश पेपरनं.”

त्यांची पद्धत साधी होती. आधी जुना रंग खरवडून काढायचा आणि खाचांमधली धूळ कोरड्या ब्रशनं झटकायची. मग संपूर्ण फळीला, खाचांच्या आतही, सँडिंग सीलरचे दोन पातळ हात द्यायचे आणि प्रत्येक हात नीट वाळू द्यायचा. ही पायरी गाळली, तर रंग लाकडाच्या रेषांमधून बाहेर झिरपतो. सगळ्यात जास्त फुटतो तो काना. फळीतल्या रेषा आडव्या जातात आणि काना त्यांना उभा कापतो. कापलेल्या रेषांची तोंडं उघडी पडतात आणि ती रंग शोषून घेतात. शिरोरेषा लाकडाच्या रेषांसोबतच जाते, म्हणून ती फारसा त्रास देत नाही.

सीलर वाळला की खाचांमध्ये ऑइलपेंट भरायचा. बाहेर गेला तर जाऊ द्यायचा! मग दोन-तीन दिवस फळीला हात लावायचा नाही. रंग आतून ओला राहिला, तर घासताना पॉलिश पेपर चिकट होऊन भरून जातो. रंग पक्का वाळल्यावर सपाट लाकडी गुटक्याला २२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि रेषांच्या दिशेनं घासायचं. गुटका वरच्या सपाट भागावरच फिरतो, त्यामुळे बाहेरचा रंग निघून जातो आणि खाचेतला तसाच राहतो. नुसत्या बोटांनी घासलं, तर बोट खाचेत दबतं आणि अक्षरातलाही रंग निघतो. शेवटी वार्निश.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. सुतारकाका गेल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “म्हणजे रंग बाहेर गेला तरी चालतो?”

रविवारी ओट्यावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. सीलरचे हात आदल्या दिवशी देऊन झाले होते. बाबांनी काळ्या रंगात ब्रश बुडवला. पहिल्याच अक्षरावर हात उडाला आणि फळीवर काळा फराटा उमटला. आई दारात उभी होती, मी शेजारी. आम्ही दोघीही बोललो नाही. बाबा क्षणभर थांबले आणि मग पुढच्या अक्षराकडे वळले. अर्ध्या तासानं फळी अशी दिसत होती, जणू लहान मुलानं तिच्यावर शाई सांडली असावी. बाबा मात्र शिट्टी वाजवत हात धूत होते.

बुधवारी त्यांनी गुटका घेतला. घासताना हात थरथरला, तरी बिघडत नाही. गुटका सपाटच फिरतो. काळी भुकटी उडत गेली. आधी शिरोरेषा दिसली, मग एकेक काना, वेलांटी, मात्रा. कडा अगदी स्वच्छ. आई म्हणाली, “अहो, हे तर तुमच्या पूर्वीच्या अक्षरासारखं दिसतंय!” बाबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

हात आजही थरथरतो. चहाचा कप अर्धाच भरावा लागतो. बँकेत जाऊन नवी सही नोंदवायची आहे, ते काम ‘पुढच्या आठवड्यात’ आहे. पण दुधाचा हिशेब आता बाबाच लिहितात. आकडे वाकडेतिकडे येतात आणि आई काही न बोलता तेच वाचून पैसे देते.

तुमच्याही घरात कोणी ‘आता माझ्याच्यानं होत नाही’ म्हणून आवडतं काम बाजूला ठेवलं असेल. ते काम लगेच आपल्या हातात घेऊ नका. त्याचा क्रम बदलून बघा, चूक पुसायची सोय शेवटी ठेवता येते का ते बघा.

सध्या आमच्या ओट्यावर शेजारच्या काकूंची पाटी आहे. अक्षरं गुजराती आहेत, शिरोरेषा नाही. बाबा म्हणतात, “यात एक रेघ कमी भरायची, दुपारपर्यंत होऊन जाईल.”