वरणाची वेळ

बाबांना कंपवात झाला तेव्हा आम्ही फणसवाडीतल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. आई आधीच गेलेली, मी दिवसभर फोर्टात ऑफिसला. दुपारची गोळी शेजारच्या काकूंच्या हातची. ते कधी ठरवलं नव्हतं, चाळीत तसं ठरवत नाहीत.

त्या गोळीतल्या लेवोडोपाचं सगळं गणित वेळेचं. रक्तातली निम्मी मात्रा दीडेक तासात ओसरते. सुरुवातीला मेंदू ते औषध साठवून पुरवतो. पुढे कोठारच आटतं. मग गोळी चढली की माणूस चालतो, उतरली की उंबऱ्याशी खिळतो. त्यात डाळ-दुधातली प्रथिनं औषधाची वाट अडवतात. डॉक्टरांनी हे घाईघाईत सांगितलं, अमलात आणलं काकूंनी. गोळीनंतर तासभर गेल्याशिवाय वरणाची वाटी पुढे येत नसे.

"भात गार झाला हो वहिनी!"

"होऊ द्या भाऊजी. पाय चालते राहू देत."

उंबऱ्यावर बाबांचे पाय जमिनीला चिकटले की त्या हात ओढत नसत. पावलांपुढे काठी आडवी धरत आणि म्हणत, "ही ओलांडा." बाबा ओलांडत. ही युक्ती फिजिओथेरपीतही शिकवतात, हे मला फार उशिरा कळलं.

बाबा कोकणातले. लेवोडोपा खाजकुयलीच्या बियांत असतं हे ऐकून ते खूप हसले. लहानपणी मास्तरांच्या खुर्चीवर तिची कुसं टाकून त्यांनी मार खाल्ला होता. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 मध्ये त्या बियांतून हे द्रव्य वेगळं केलं. 1978 मध्ये मुंबईचे डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना बियांची पूड देऊन काढलेले निष्कर्ष छापले. डॉ. नोशिर वाडिया त्यांत होते. ती पूड गिळून स्वतःच्या हातापायांची परीक्षा देणाऱ्यांची नावं कुठे छापलेली नाहीत. काकूंच्या खालोखाल मी त्यांचा देणेकरी.

आता येणारी औषधं मला काकूंचंच काम करायला निघालेली दिसतात. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला फॉसलेवोडोपाचा पंप चोवीस तास कातडीखालून औषध सोडत राहतो. चढ-उतार कमी होतात. टॅव्हापॅडॉन ही दिवसातून एकदाच घ्यायची गोळी. ती मेंदूतले डोपामिनचे ठरावीक ग्राही (रिसेप्टर) स्वतःच जागे करते. 2024 मध्ये तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांचे निकाल चांगले आले. ओपिकापोन लेवोडोपाची मुदत लांबवतं. यांतलं एकही रोग थांबवत नाही, हालचाल सुकर करतं इतकंच. पण दुपारी स्वतःच्या हाताने सदऱ्याची बटणं लावणारे बाबा ज्याने पाहिले, तो "इतकंच" म्हणताना जरा अडखळेल.

बाबा गेल्यावरही मी काकूंकडे जातो. पैशांचा विषय एकदाच काढला होता. त्यांनी मला जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही. परवा त्यांना पंपाचं सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, "म्हणजे वरण केव्हाही खाल्लं तरी चालेल?"

पूर्ण नाही, मी म्हटलं. आतड्यातली अडचण टळते, पण मेंदूच्या दारातही प्रथिनं आणि औषध एकाच वाटेने आत जायला बघतात.

"मग भाऊजींना एवढ्यात सांगू नकोस," त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे हात केला, "दुपारचंच वरण मागतील."